जुमेरातची बैठक

अकोल्यात आमच्या वस्तीला लागून एक लहानसा दर्गा आहे. इतिहासाच्या पुस्तकात त्याचे नाव सापडणार नाही. उरुसाला तिथे बाहेरचे कव्वाल येतात, मंडप पडतो, भोंगे लागतात. आम्हांला सांगायचे आहे ते त्या उरुसाबद्दल नाही, दर जुमेरातीला मगरिबनंतर तिथे बसणाऱ्या दहा-बारा माणसांबद्दल आहे. एक पेटी, एक ढोलक, एक खंजिरी. बाकीच्यांचे हात टाळीला. मंच नाही, तिकीट नाही, बिदागीही नाही. कुणी फाटकाशी चप्पल काढून नुसता उभा राहिला तरी आतले दोघे सरकून त्याला जागा करून देतात. नवा माणूस दोन-चार आठवडे टाळी धरतो, मग धृपद धरतो आणि कधीतरी त्यालाच म्हटले जाते, "बोलो मियाँ, आज तुम उठाव." वही कुणाकडे नसते. जे येते ते कानाने आलेले असते.

आमच्या आठवणीत ही बैठक पस्तीस वर्षांची आहे. तिची मुळे मात्र फार जुनी आहेत.

आधी वाराचे पाहू. मुस्लिम दिनगणनेत दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. म्हणून गुरुवारचा सूर्य मावळला की जुमा लागतो, आणि जुम्याची ती रात्र म्हणून वाराचेच नाव जुमेरात. फातिहा, फुले, ऊद आणि जिथे रिवाज असेल तिथे समा, हे सारे याच संध्याकाळी का, याचे उत्तर त्या नावातच आहे.

समा म्हणजे ऐकणे. गाणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याला मान देणारा हा शब्द आहे. इमाम गझालींनी समासाठी तीन गोष्टी पाहायला सांगितल्या: वेळ, जागा आणि सोबत. दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन औलियांच्या परंपरेत गाणारा कसा असावा, ऐकणारा कसा असावा, काय गावे आणि कोणती वाद्ये नसावीत याचीही बंधने होती. उलेमांनी यावर हरकत घेतली, ग्यासुद्दीन तुघलकाच्या दरबारात निजामुद्दीनांना जाब द्यावा लागला. म्हणजे आज आपल्या मोहल्ल्यात जो वाद होतो त्याला सातशे वर्षे झाली आहेत. निजामुद्दीनांचे मुरीद बुऱ्हानुद्दीन गरीब पुढे दौलताबादेस आले आणि 1337 साली वारले. खुलताबादला त्यांची कबर आहे. समाची त्यांची रीत इतकी वेगळी होती की त्यांच्या मंडळींना 'बुऱ्हानी' असे नावच पडले. निजामुद्दीनांची संभाषणे 'फवाइदुल फुआद'मध्ये उतरवून ठेवणारे अमीर हसन सिज्झी हेही खुलताबादलाच दफन आहेत. दिल्लीची ही मैफल दख्खनमध्ये आली ती अशा माणसांबरोबर.

आणि वऱ्हाडात? इथे गंमत आहे. आमच्याच जिल्ह्यात बाळापूरला नक्शबंदी सिलसिल्याची नामांकित खानकाह आहे. नक्शबंदींचा जिक्र मनातल्या मनात चालतो, ओठ हलत नाहीत. गाण्याबजावण्याला तिथे थारा नाही. पलीकडे पातूरला शेख बाबूंचा दर्गा, ज्यांच्यामुळे जुन्या कागदपत्रांत गावाचे नावच 'पातूर शेख बाबू' असे लागते. इकडे मौन, तिकडे उरुसाची गजबज, आणि एसटीने दोन्हीकडे जाऊन संध्याकाळी घरी परतता येते. आमच्या वडिलांना दोन्ही ठिकाणी अदब होता. बाळापूरला गेले की ते चालतानासुद्धा पाय वाजू देत नसत. एकाला मानले म्हणून दुसऱ्याला नाकारावे लागते, हा हिशेब त्यांना कधी कुणी शिकवला नव्हता.

आता त्या खंजिरीकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिची आहे.

खंजिरी आमच्या बैठकीत आली ती एका बुजुर्गांच्या हातातून. ते मूळचे अमरावतीकडचे, तिवसा भागातले. पेशाने गवंडी. लहानपणी त्यांनी तुकडोजी महाराजांना मोझरीला ऐकले होते. तुकडोजींचा जन्म 1909 चा, यावलीचा. त्यांनी 1935 साली मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला, 1955 साली 'ग्रामगीता' आली आणि 1968 साली ते गेले. कीर्तनकाराची वीणा त्यांच्या हाती नव्हती, होती ती खंजिरी. मूर्तीपुढे पुजाऱ्याने एकट्याने करायच्या पूजेपेक्षा सर्वांनी रांगेत बसून एका सुरात म्हणायची सामुदायिक प्रार्थना त्यांनी गावोगाव रुजवली. बरीचशी भजने हिंदीत, त्यामुळे आमच्या मोहल्ल्यांतही ती सहज उचलली गेली. रांगेत बसणे, एकाने पुढे म्हणणे, बाकीच्यांनी मागून म्हणणे यात आमच्या बुजुर्गांना परके काही वाटले नाही. नमाज घरची, प्रार्थना गावची, असे ते म्हणत आणि विषय संपवत.

खंजिरी म्हणजे लाकडी कड्यावर एका बाजूने ताणलेले चामडे, कड्यात झांजा. झांजा काढल्या की उरतो तो डफ. आणि डफ हा शब्द मराठी शाहिराने कुठून घेतला? अरबी-फारसी 'दफ'वरूनच. तोच दफ ज्याचा उल्लेख हदीसमध्ये येतो. ईदच्या दिवशी हजरत आयेशांच्या (रजि.) घरी दोन मुली दफ वाजवून गात होत्या. हजरत अबू बक्र (रजि.) रागावले, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांना राहू देण्यास सांगितले, आज ईद आहे म्हणून. निकाह जाहीर करायलाही दफ चालतो. जे विद्वान बाकी सर्व वाद्यांना नकार देतात त्यांतले बहुतेक दफापाशी थांबतात. म्हणजे शाहिराचा डफ, महाराजांची खंजिरी आणि मदिनेतला दफ एकाच घराण्यातले. आपल्या लोकांना हे सांगितले की ते आधी हसतात, मग जरा गप्प होतात.

हे घराणे फार दूर गेले आहे. आयर्लंडच्या लोकांकडे बकऱ्याच्या कातड्याचा असाच एक डफ असतो, त्याला ते बौरॉन म्हणतात. त्यांच्याकडेही आमच्यासारखी साप्ताहिक बैठक भरते: वर्तुळात बसायचे, वहीशिवाय वाजवायचे, नवख्याने आधी ऐकायचे. ती भरते बहुधा दारूच्या गुत्त्यात, एवढा फरक वाचकांनी माफ करावा. आम्हांला त्यात रस वाटला तो इतिहासामुळे. तिथे पूर्वी हे संगीत घराघरांत, स्वयंपाकघरातल्या नाचाला वाजत असे. पाद्र्यांना ते नाच खपले नाहीत. 1935 साली सरकारने कायदा केला की परवान्याशिवाय सार्वजनिक नाच नको, आणि त्याच्या धाकाने घरातल्या मैफलीही आटल्या. 1935, म्हणजे मोझरीचा आश्रम निघाला तेच वर्ष. पुढे युद्धानंतर पोटासाठी लंडनला गेलेले आयरिश मजूर शनिवार-रविवारी गुत्त्यात जमू लागले आणि गावाकडचे सूर तिथे पुन्हा वाजू लागले. 1951 साली मायदेशातही ते जपायला संघटना निघाली. बंदी आली धर्माच्या नावाने, आणि सांभाळले ते विटा-चुना उचलणाऱ्यांनी.

आमच्याकडे कायदा कुणी केला नाही. चार-पाच वर्षांपूर्वी एक शिकलेला तरुण आला, आमच्याच गल्लीतला. सलाम करून बसला आणि म्हणाला, "चाचा, हे हराम आहे, आणि त्यात ते भजन तर शिर्क." अदबीने म्हणाला, हे मान्य केले पाहिजे. बुजुर्गांनी त्याला उत्तर दिले नाही. पण पुढच्या जुमेरातीला ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. आम्ही घरी गेलो तर म्हणाले, "पोरांना माझ्यामुळे गुनाह लागत असेल तर नको." त्यांच्याशी वाद घालायला आमच्याजवळ गझाली होते, निजामुद्दीन होते, दोन मुलींची ती हदीस होती. आम्ही सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि चहा मागवला.

दुसऱ्या बाजूनेही सुखाने आहे असे नाही. एका गावात प्रार्थनेला बसलेल्या आमच्या एका नातेवाइकाला "तुम्ही कसे इकडे?" असे विचारले गेले. विचारणारा विशीतला होता. ज्यांनी महाराजांना पाहिले, त्या पिढीला हा प्रश्न सुचला नसता.

बुजुर्ग गेल्या वर्षी अल्लाला प्यारे झाले. खंजिरी त्यांच्या सुनेने दर्ग्यात आणून दिली. चामडे सैल पडले होते, दोन झांजा गेल्या होत्या. ती काही महिने खुंटीवर होती. आता त्यांचा नववीतला नातू येतो. त्याला भजने येत नाहीत, कव्वालीही धड येत नाही, हात मात्र आजोबांचा आहे. तो तरुणही अधूनमधून येतो. आत बसत नाही. फाटकाशी उभा राहतो, ऊद संपेपर्यंत.