एका डॉलरची जमीन, दोनशे टनांचे दार

१/ कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू आणि सनीव्हेल या शहरांलगत, १०१ क्रमांकाच्या महामार्गावरून एक अजस्र घुमटाकार वास्तू दिसते. सिलिकॉन व्हॅलीत स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांच्याही ती रोजच्या नजरेतली. तिचे नाव ‘हँगर वन’. आसपासच्या नागरिकांनी ही वास्तू दोनदा आपली मानली: एकदा ती उभी राहण्यापूर्वी आणि एकदा ती पाडली जाणार होती तेव्हा.

२/ १९३०च्या सुमारास अमेरिकी नौदल पश्चिम किनाऱ्यावर वायुनौकांसाठी, म्हणजे हेलियम वायूने भरलेल्या एअरशिपसाठी, तळ शोधत होते. सॅन दिएगोजवळील कॅम्प कर्नी हे स्थळ स्पर्धेत होते. तेव्हा सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवतालच्या गावांनी व व्यापारी मंडळांनी महामंदीच्या दिवसांत पावणेपाच लाख डॉलरच्या आसपास निधी उभारला, सुमारे १००० एकर जमीन खरेदी केली आणि ती नौदलाला अवघ्या एका डॉलरला देऊ केली. या मोहिमेला चालना देणाऱ्यांत लॉरा थेन व्हिपल या जमीन-व्यवहार करणाऱ्या महिलेचे नाव अग्रभागी येते. फेब्रुवारी १९३१ मध्ये राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी संबंधित विधेयकावर स्वाक्षरी केली.

३/ १९३३ मध्ये हँगर पूर्ण झाला. लांबी ११३३ फूट, रुंदी ३०८ फूट, उंची १९८ फूट. खालचे क्षेत्रफळ सुमारे आठ एकर. एवढा विस्तार कशासाठी? तर ७८५ फूट लांबीची ‘यूएसएस मेकन’ ही वायुनौका आत सामावावी म्हणून.

४/ या वास्तूचे खरे वैशिष्ट्य मात्र तिच्या दारांत आहे.  वायुनौकेला हँगरच्या तोंडाशी मोठा धोका असे. आडवा वारा सपाट, रुंद दारांवर आदळला की भोवरे उठत आणि ते हलक्या नौकेला भिंतीवर लोटू शकत. म्हणून येथे दारांना संत्र्याच्या सोललेल्या सालीसारखा वक्र आकार दिला गेला. प्रत्येक पाकळीचे वजन २०० टन. ती वरच्या टोकाशी खिळलेली, खाली वक्र रुळांवर धावणारी आणि १५० अश्वशक्तीच्या मोटरने सरकणारी. वारा त्या वक्र पृष्ठावरून घसरून जाई.

५/ दार टिकले, नौका टिकली नाही. ४ एप्रिल १९३३ रोजी ‘मेकन’ची भगिनीनौका ‘अ‍ॅक्रन’ अटलांटिकमध्ये कोसळून ७३ जण मृत्युमुखी पडले. त्यांत अ‍ॅडमिरल विल्यम मॉफेट होते. त्यांच्याच नावाने हा तळ पुढे ‘मॉफेट फील्ड’ म्हणून ओळखला जाऊ लागला. १२ फेब्रुवारी १९३५ रोजी ‘मेकन’ही पॅसिफिकमध्ये बुडाली. ज्या नौकेसाठी ही दारे घडवली, ती त्यांतून जेमतेम सोळा महिने ये-जा करू शकली.

६/ तळ मात्र चालू राहिला. पुढे येथे छोट्या वायुनौका आल्या, नंतर विमाने आली. १९९४ मध्ये नौदलाने तळ सोडला आणि तो ‘नासा’कडे गेला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी एक जुने दुखणे उघड झाले: हँगरच्या बाह्य पत्र्यांत पीसीबी ही विषारी रसायने, अ‍ॅस्बेस्टॉस आणि शिसेयुक्त रंग होता. पावसाच्या पाण्याबरोबर ही द्रव्ये झिरपत होती. २००६ मध्ये नौदलाने संपूर्ण वास्तू पाडण्याचा प्रस्ताव मांडला.

७/ येथे नागरिक दुसऱ्यांदा पुढे आले. निवृत्त नौसैनिक, स्थानिक इतिहासप्रेमी आणि रहिवासी यांनी जनसुनावण्यांत आक्षेप नोंदवले. ‘सेव्ह हँगर वन’ समिती उभी राहिली. प्रदूषण खरे होते आणि ते हटवणे अटळ होते, हे विरोधकांनाही मान्य होते. त्यांचे म्हणणे एवढेच होते की विष पत्र्यात आहे, सांगाड्यात नाही. २००८ मध्ये ‘नॅशनल ट्रस्ट’ने देशातील सर्वाधिक धोक्यात असलेल्या अकरा ऐतिहासिक स्थळांत हँगर वनचा समावेश केला. अखेर नौदलाने पाडण्याचा विचार सोडून केवळ आवरण उतरवण्याचा निर्णय घेतला.

८/ २०११–१२ मध्ये भिंतींचे आणि दारांचे पत्रे उतरले. मागे राहिला पोलादी सांगाडा. आता नवे आवरण चढवणार कोण? नौदलाच्या मते त्याची जबाबदारी साफसफाईपुरती होती; ‘नासा’कडे तेवढा निधी नव्हता. १९३१ साली वर्गणीतून जमीन घेणे शक्य झाले होते. आठ एकरांच्या छपराचा खर्च मात्र वर्गणीच्या आवाक्यापलीकडे होता.

९/ २०१४ मध्ये गूगलच्या एका उपकंपनीशी मॉफेट फील्डचा ६० वर्षांचा करार झाला. एकूण भाडे ११६ कोटी डॉलर आणि हँगर पूर्ववत करण्याची अट. त्यानंतर सांगाड्याची शुद्धी व नवे आवरण ही कामे हाती घेण्यात आली. म्हणजे नागरिकांनी नौदलाला दिलेली जमीन आता एका खासगी कंपनीच्या ताब्यात, भाडेपट्ट्याने. हा विजय म्हणावा की तडजोड, यावर मतभेद संभवतात.

१०/ तरी एक गोष्ट निर्विवाद आहे. करार झाला तेव्हा वाचवण्याजोगे काही शिल्लक होते, कारण २००६ ते २००८ या काळात सामान्य माणसांनी ‘पाडू नका’ असे लेखी सांगितले होते. वारसा जपण्यासाठी लागणारा पैसा प्रत्येक पिढीजवळ असेलच असे नाही. अशा वेळी मोडतोड थोपवून धरणे आणि पैसा उभा राहीपर्यंत सांगाडा जागेवर ठेवणे, हेदेखील जतनाचेच काम असते.