परक्या फौजेनें उभारलेलें राष्ट्र

एका देशाच्या फौजेनें दुसऱ्या देशांत जावें, तेथील अराजक मोडावें, रस्ते बांधावेत, दवाखाने काढावेत, चांगली घटना द्यावी आणि घडी बसली म्हणजे परत फिरावें, ही कल्पना ऐकावयास मोठी लोभस आहे. ती नवी मात्र नाहीं. कॅरिबियन समुद्रांतील हैती देशांत ती सलग एकोणीस वर्षें करून पाहण्यांत आली, आणि तिचीं फळें सर्वांसमोर आहेत.

देश लहानसा, पण त्याचा इतिहास लहान नाहीं. फ्रेंच मळेवाल्यांच्या गुलामांनीं बंड करून, नेपोलियनच्या सैन्याला हांकलून देऊन, १ जानेवारी १८०४ रोजीं हें राज्य स्थापिलें. परक्या गोऱ्या माणसाला हैतीची जमीन विकत घेतां येऊं नये, असा निर्बंध त्यांनीं १८०५ च्या घटनेंतच घालून ठेवला. फ्रान्सनें पुढें १८२५ मध्यें आरमार दाखवून, गेलेल्या मालमत्तेची भरपाई म्हणून १५ कोटी फ्रँक मागितले. ही रक्कम कालांतरानें ९ कोटींवर आली खरी, तरी ती फेडण्यासाठीं काढलेल्या कर्जांनीं देश पिढ्यान्‌पिढ्या वांकून गेला. बाहेरचे लोक ज्या बजबजपुरीला नांवें ठेवीत, तिचें एक मूळ या कर्जांत होतें.

जुलै १९१५ मध्यें कहर झाला. अध्यक्ष गिलोम साम यांच्या तुरुंगांत शंभरांवर राजकीय कैद्यांची कत्तल झाली. खवळलेल्या जमावानें अध्यक्षांना फ्रेंच वकिलातींतून ओढून काढून ठार केलें. लागलीच २८ जुलैस ॲडमिरल केपर्टन यांचे अमेरिकन मरीन सैनिक राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स येथें उतरले. शांतता राखण्यासाठीं आलों, हें त्यांचें म्हणणें सर्वस्वी खोटें नव्हतें. परंतु त्यापूर्वीं सात महिने, डिसेंबर १९१४ मध्यें, अशाच सैनिकांनीं तेथील राष्ट्रीय बँकेंतून पांच लक्ष डॉलरचें सोनें उचलून न्यूयॉर्कला पोंचविलें होतें, हेंही तितकेंच खरें आहे.

पुढचा कारभार पाहण्यासारखा आहे. लोकांत ज्यांचा बोलबाला होता ते रोझाल्वो बोबो बाजूस सारले गेले आणि अमेरिकनांच्या पसंतीचे दार्तिगनाव्ह अध्यक्ष झाले. जकातीची वसुली, तिजोरी आणि नवें सशस्त्र पोलीस दल हीं तिन्ही तहान्वयें परक्या अंमलदारांच्या हातीं गेलीं. मग नवी घटना आली. तींत परक्यांस जमीन विकत घेण्याची मोकळीक होती. प्रतिनिधींनीं ती मानली नाहीं, तेव्हां १९१७ मध्यें त्या पोलीस दलाचे अमेरिकन सेनानी स्मेडली बटलर यांनीं, अध्यक्षांच्या सहीचा हुकूम पुढें करून, प्रतिनिधिसभाच मोडली. दुसऱ्या वर्षीं लोकमत घेण्यांत आलें: बाजूनें सुमारें ९८ हजार, विरुद्ध आठशेंहून कमी. मतदान त्याच दलाच्या देखरेखीखालीं झालें, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. ही घटना आपण लिहिली, अशी फुशारकी फ्रँकलिन रूझवेल्ट यांनीं १९२० च्या निवडणुकींत मारली. तेथून सैन्य परत आणण्याचें काम पुढें त्यांच्याच वांट्यास आलें.

सर्वांत बोलकी गोष्ट रस्त्यांची आहे. फौजेला रस्ते हवे होते, देशालाही हवे होते, पैसा नव्हता. तेव्हां १८६४ चा एक धूळ खात पडलेला कायदा बाहेर काढण्यांत आला. शेतकऱ्यानें आपल्या भागांतील रस्त्यावर थोडे दिवस काम करावें किंवा कर भरावा, असा तो कायदा. वेठ म्हणजे काय हें मराठी श्रोत्यांस फोड करून सांगावयास नको. लौकरच माणसें दोरांनीं बांधून, गांवापासून दूर नेण्यांत येऊं लागलीं. पळणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. राजधानीपासून काप-हाइतियाँपर्यंतचा सुमारें १७० मैलांचा रस्ता १९१८ च्या आरंभास खुला झाला, आणि जेथें पूर्वीं दिवसचे दिवस जात, तें अंतर मोटार एका दिवसांत तोडूं लागली. पण ज्यांच्या पूर्वजांनीं दास्याच्या बेड्या तोडल्या, त्यांना बंदुकीच्या पहाऱ्याखालीं चाललेलें हें काम कशाची आठवण करून देत असेल, हें रस्ता आंखणारांच्या ध्यानांत आलें नाहीं.

बंड उठलें. त्याचा नायक शार्लमाञ पेराल्त हा पूर्वींचा लष्करी अधिकारी. त्याला सक्तमजुरीची शिक्षा देऊन शहराचे रस्ते झाडावयास लावलें होतें. तेथून तो निसटला आणि डोंगरांत हजारों शेतकरी त्याला मिळाले. १९१९ च्या ऑक्टोबरअखेर एका मरीन अधिकाऱ्यानें तोंडास काळें फांसून, फितुराच्या साहाय्यानें त्याच्या तळांत शिरून त्याला गोळी घातली. लोकांची खात्री पटावी म्हणून त्याचें प्रेत दाराच्या फळीस बांधून छायाचित्र काढलें व तें देशभर वांटलें. लोक कॅथॉलिक; त्यांना त्या चित्रांत क्रूसावरचा ख्रिस्त दिसला. या सबंध मोहिमेंत सुमारें ३,२५० हैतीवासी मारले गेल्याचा आंकडा मरीन दलाच्या सेनापतींनींच दिला होता.

राज्यकर्त्यांनीं कांहींच केलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. पूल, दवाखाने, राजधानींत टेलिफोन, शेतकीचें विद्यालय हीं कामें खरोखर झालीं. पण १९२९ मध्यें त्याच विद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं शिष्यवृत्तीवरून संप पुकारला आणि बघतां बघतां सारा देश पेटला. ६ डिसेंबरला ले के गांवाजवळ मरीन सैनिकांनीं शेतकऱ्यांच्या जमावावर गोळीबार केला. निदान बारा माणसें पडलीं. त्यानंतर चौकशीमंडळ आलें, निवडणुका झाल्या आणि ऑगस्ट १९३४ मध्यें फौज परत गेली. हिशोबावरची देखरेख १९४७ पर्यंत सुटली नाहीं.

येथें १९४५ नंतरच्या जपानचें उदाहरण हटकून पुढें केलें जातें. तें खरें आहे, पण लागू पडत नाहीं. जपानांत शाळा, रेल्वे, दप्तर, अनुभवी नोकरशाही हीं सर्व आधींच होतीं. मॅकआर्थर यांनीं जपानी मंत्र्यांकडूनच कारभार करविला आणि जमिनींच्या फेरवांटणीचा कायदाही तेथील विधिमंडळानेंच मंजूर केला. तेथें विधिमंडळ राहिलें आणि सेना मोडली. हैतींत विधिमंडळ मोडलें आणि सेना राहिली.

तिची कामगिरी थोडक्यांत सांगतां येते. रस्ते पावसानें व हयगयीनें खचत गेले, पण परक्यांनीं शिकविलेली ही एकसूत्री फौज खचली नाहीं. १९४६ मध्यें तिनें अध्यक्ष लेस्को यांना खालीं ओढलें; १९५० मध्यें तिचेच एक अधिकारी मॅग्लुआर अध्यक्ष झाले; १९५७ मध्यें तिच्या पाठबळावर फ्रान्स्वा दुव्हालिए निवडून आले आणि त्यांचें घराणें १९८६ पर्यंत देशाच्या उरावर बसलें. १९९१ मध्यें तिनें लोकांनीं निवडलेले अध्यक्ष आरिस्तिद यांना हद्दपार केलें. त्यांना परत बसविण्यासाठीं सप्टेंबर १९९४ मध्यें सुमारें वीस हजार अमेरिकन सैनिक पुन्हा त्याच राजधानींत उतरले; समोर उभी होती ती त्यांच्या आजोबांनीं घडविलेली फौज. आरिस्तिद यांनीं १९९५ मध्यें ती बरखास्त केली. २०१७ मध्यें ती पुन्हा उभी करण्यांत आली. या वेळीं हुकूम हैतीच्या स्वतःच्या अध्यक्षांचा होता.