आज्ञार्थ आणि खेळयंत्र

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण 1836 साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या आडनावातले तर्खड हे गाव वसईचे. त्याच परिसरातल्या एका घरी काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या फराळाला गेलो असता आम्हांला दादोबांची आठवण झाली. निमित्त होते एका खेळयंत्राचे. घरातला मुलगा त्याला इंग्रजीत हुकूम सोडत होता आणि ते मुकाट्याने ऐकत होते. आजींनीही हौसेने त्याला आपल्या सामवेदी बोलीत, म्हणजे कादोडीत, 'सुरू हो' असे सांगून पाहिले. यंत्र ढिम्म.

यंत्राच्या कानाचा इतिहास तसा जुना. 1983 साली जपानमध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमला दुसऱ्या कंट्रोलरवर मायक्रोफोन होता. मात्र त्याला शब्दांशी देणेघेणे नव्हते, आवाज झाला एवढेच कळे. 1998 साली जपानी मुले पिकाचूशी बोलू लागली. 2010 मध्ये मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट आला, 2013 मध्ये एक्सबॉक्स वन, आणि दोन शब्दांत यंत्र जागे होऊ लागले. इतके सहज, की 2014 साली दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातीतल्या नटाच्या उच्चाराने लोकांच्या घरची यंत्रे आपोआप चालू झाली! 2017 मध्ये किनेक्टचे उत्पादन थांबले आणि तो कान ॲलेक्सा व गूगल असिस्टंट यांच्याकडे गेला. 2019 साली गूगलने एक्सबॉक्ससाठी केलेली चाचणी इंग्रजीतूनच होती. वास्तविक गूगलच्या आवाजी टंकलेखनात मराठी 2017 मध्येच आली होती, असिस्टंटमध्ये 2018 मध्ये. म्हणजे मराठी फोनपर्यंत पोहोचली, खेळापर्यंत नाही. कादोडीचा तर प्रश्नच नव्हता.

पण आम्हांला खरे कुतूहल वाटले ते आज्ञार्थाचे. 'एक्सबॉक्स, ऑन' या हुकुमात क्रियापदच नाही. ऐकणारा लहान की मोठा, हे ठरवावे लागत नाही. मराठीत मात्र तोंड उघडताच 'हो' की 'व्हा', 'लाव' की 'लावा', हा निवाडा करावाच लागतो. आजींनी तो क्षणात केला होता. यंत्र घरात नवे आलेले, म्हणून नातवंडासारखे एकेरी. हे नाते ऐकू येईल असा कान कोणी घडवील का, हा विचार आमच्या मनात घोळत होता. आजींनी मात्र हात पुढे करून नातवाकडे कंट्रोलर मागितला आणि कोणते बटण दाबायचे ते विचारले.