चेहऱ्यातून वजा करणारी रंगभूषा

बीड जिल्ह्यातल्या माजलगावचे संदीप पाठक ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ एकट्याने रंगवतात. प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी मराठवाडी बोलीत घडवलेल्या या प्रयोगातली 52 पात्रं दाढी-मिशा न बदलता उभी राहतात. आवाज आणि चाल बदलली की उरलेला चेहरा प्रेक्षक मनाने भरून घेतो. कॅमेरा एवढी सवलत देत नाही.

सिनेमाला ही अडचण पहिल्यापासूनच होती. फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये (1917) अण्णा साळुंके राम झाले आणि सीताही. बाबूराव पेंटरांच्या ‘सैरंध्री’तला (1920) कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरने तो कापायला लावला. पण रंगभूषेला एक मर्यादा होती: तिला फक्त भर घालता येई. नाक मोठं होई, जखम फुगे. गालाला आरपार भोक पाडता येत नसे, पाय नाहीसा करता येत नसे.

ही वजाबाकी संगणकाने आणली. ‘फॉरेस्ट गंप’मध्ये (1994) गॅरी सिनीस यांच्या गुडघ्याखाली निळे मोजे चढवले आणि तेवढा पाय फ्रेममागून फ्रेम पुसत मागचं दृश्य भरलं. ‘द डार्क नाइट’मध्ये (2008) आरोन एकहार्ट यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर फक्त टिपके होते. त्यांच्या आधारे हालचाल मोजून जळलेला गाल आणि उघडे दात नंतर बसवले.

माझ्या लेखी मात्र खरी कलाटणी 2001 ची. त्वचेवर पडलेला उजेड थोडा आत शिरतो, पसरतो आणि दुसरीकडून बाहेर येतो. हे गणित हेन्रिक वान येन्सेन आणि सहकाऱ्यांनी संगणकाला झेपेल असं मांडलं. तोवर संगणकी चेहरा प्लास्टरच्या पुतळ्यासारखा दिसे. त्यानंतर त्याच्या कानाच्या पाळीतून उजेड झिरपू लागला. असा चेहरा शॉटमध्ये बेमालूम बसवायला सेटवरचा उजेडही टिपावा लागतो, म्हणून शॉट संपला की एक चकचकीत आणि एक करडा गोळा कॅमेऱ्यासमोर धरतात.

हाताची कला यात मागे पडलेली नाही. ‘बालगंधर्व’ (2011) विक्रम गायकवाड यांच्या रंगभूषेने उभा राहिला, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. ‘फॅन’मध्ये (2016) शाहरुख खानला तरुण करताना ग्रेग कॅनम यांची रंगभूषा आणि रेड चिलीजचे संगणक एकाच चेहऱ्यावर राबले. तरीही पुरस्कारांत या दोन्ही कामांचे रकाने वेगळे असतात. हे मला पटत नाही.