डोकी मोजून सांभाळ कळत नाही

ऑस्ट्रेलियात मुलाकडे कायमचं राहायला जाऊ पाहणाऱ्या आईवडिलांना आधी एका गणितात उतरावं लागतं. तिथल्या 1994 च्या स्थलांतर नियमावलीतला 1.05 हा नियम सांगतो: निम्मी तरी मुलं ऑस्ट्रेलियात कायमची स्थायिक हवीत, नाहीतर इतर कोणत्याही एका देशात आहेत त्यांहून अधिक तिथं हवीत. हीच ‘बॅलन्स ऑफ फॅमिली टेस्ट’. ती रास्त आहे, असं आपल्यातलेही पुष्कळजण म्हणतात. जिथं गोतावळा मोठा, तिथं म्हाताऱ्यांनी राहावं. शिवाय आकड्यात मनमानी नसते, अधिकाऱ्याला कुणाच्या मायेची चौकशी करावी लागत नाही.

हा पूर्वपक्ष हलका नाही. पण तो आमच्या चांदनीत आणून पाहावा. बऱ्हाणपूरहून निघालं की नेपानगरच्या आधी लागणारं हे स्टेशन. 1956 मध्ये नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केलेल्या नेपा मिलनं या पट्ट्यात माणसं आणली, त्यांची मुलं पुढे कामासाठी बाहेर पडली. समजा, एका घरची लेक मेलबर्नला, एक मुलगा पुण्याला, दुसरा भुसावळला. तिघांत एक, म्हणून नापास. शेजारी दोनच मुलं, एक सिडनीला, एक बऱ्हाणपुरात. निम्मी, म्हणून पास. म्हातारपण दोन्हीकडे सारखंच. पहिल्या घराला एक मूल जास्त, एवढाच फरक. आणि तिन्ही मुलं मेलबर्न, टोरांटो, न्यू जर्सी अशी पांगली, तर भारतात एकही मूल उरत नाही, तरीही आईबाप नापासच! गोतावळ्याचं तत्त्व हा नियम स्वतःच मोडतो.

मूळ चूक मोजण्याच्या वस्तूत आहे. नियम मुलं मोजतो, सांभाळ नाही. वीस वर्षं तोंड न दाखवलेला मुलगाही बेरजेत धरला जातो. निर्वासित छावणीतल्या मुलासारखे मोजके अपवाद सोडले, तर सूट नाही. आपल्या कायद्यानं वेगळी वाट धरली. 1987 मध्ये कल्याणच्या एका डॉक्टर लेकीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की लग्न झालेली मुलगीही वडिलांच्या पोटगीला बांधील आहे. तिला भाऊ किती, यावर ते कर्तव्य टांगून ठेवलं नाही. मेलबर्नची लेक ‘मी सांभाळते’ म्हणते, तेव्हा तिला मात्र आधी भावांची संख्या विचारली जाते.

राहिला सरकारी खर्चाचा आक्षेप. त्यासाठी वेगळी कुलपं आहेतच: 2023-24 साठी पालकांच्या व्हिसांची मर्यादा 8,500 होती, आणि लवकर नंबर लागावा म्हणून ‘कॉन्ट्रिब्युटरी’ वर्गात जायचं, तर माणशी जवळपास 48,000 ऑस्ट्रेलियन डॉलर भरावे लागतात. 2019 मध्ये आलेल्या तात्पुरत्या 870 व्हिसाला तर ही कसोटी लावलेलीच नाही. फक्त त्यावर एकूण दहा वर्षांपलीकडे राहता येत नाही. म्हणजे या मोजणीवाचून आईबापांना देशात घेता येतं, हे ऑस्ट्रेलियानं स्वतःच मान्य केलं आहे. अमेरिका एकवीस वर्षांच्या नागरिकाला आईवडिलांसाठी अर्ज करू देते, भावंडं मोजत नाही. कॅनडा पाहतो ते बोलावणाऱ्याचं उत्पन्न.

कसोटी ठेवायचीच असेल, तर ती बोलावणाऱ्या मुलाच्या ऐपतीची आणि लेखी हमीची असावी. भावंडांची मोजणी नियमातून काढून टाकली पाहिजे.