इंजिनाविना साडेसातशे किलोमीटर

हँग ग्लायडरचा पहिला पंख शिवला गेला तो स्वयंपाकघराच्या पडद्यातून. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या विमानविद्येच्या सरकारी संशोधन केंद्रात फ्रान्सिस रोगालो नोकरीला होते. लवचीक कापडी पंखाची त्यांची कल्पना तिथे कुणी मनावर घेईना, म्हणून त्यांनी घरीच मोठा पंखा लावून प्रयोग मांडला. पत्नी गर्ट्रूड यांनी खिडकीचा पडदा कापून पंख शिवून दिला. ही १९४८ची गोष्ट. पुढे अंतराळयान जमिनीवर अलगद उतरवायला हा पंख चालेल का, हे नासाने तपासून पाहिलं आणि अखेर पॅराशूटलाच पसंती दिली.

ऑस्ट्रेलियातल्या ग्राफ्टन गावी जॉन डिकन्सन यांना मात्र एवढ्या लांबचा विचार करायचा नव्हता. गावच्या जॅकरांडा उत्सवात, नदीवर बोटीमागून उडणारा माणूस लोकांना दाखवायचा होता, इतकंच. १९६३ साली त्यांनी पंखाखाली त्रिकोणी दांडी बसवली आणि माणसाला पट्ट्यांनी मोकळं लोंबतं ठेवलं. दांडी पुढे ढकलली की पंखाचं नाक वर, अंगाकडे ओढली की खाली, अंग डावीकडे सरकवलं की डावं वळण. आजही हँग ग्लायडर असाच चालवतात.

लांब पल्ला मात्र दोघांच्याही डोक्यात नव्हता. ते जुने पंख एक किलोमीटर उंचीवरून जेमतेम चार किलोमीटर पुढे जायचे. त्याहून लांब जायचं तर वाटेत पुन्हा पुन्हा उंची कमवावी लागते, घार कमावते तशी. तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा गाठायची, तिच्यात घिरट्या घेत ढगाच्या तळापर्यंत चढायचं आणि मग पुढच्या ढगाकडे निघायचं. हे तंत्र घोटलं गेलं कॅलिफोर्नियाच्या ओवेन्स खोऱ्यात. १९७७मध्ये जेरी कॅट्झ तिथून १०३ मैल गेले आणि शंभर मैलांची वेस ओलांडली गेली. १९८३मध्ये लॅरी ट्यूडर यांनी दोनशेचीही ओलांडली. पण खोऱ्यातली दुपारची हवा दांडगी, पंख उलटापालटा करणारी. १९९०मध्ये ट्यूडर न्यू मेक्सिकोच्या सपाट मुलखातून निघाले आणि ३०३ मैलांवर पोचले.

सपाटी सोयीची, हे कळल्यावर लोक टेक्ससमध्ये मेक्सिकोच्या सीमेवरच्या झपाटा गावी जमू लागले. तिथली सकाळ पाहिली तर कुणी उडायला धजणार नाही. आखातावरून आलेल्या दमट वाऱ्याचे विस्कटलेले ढग अगदी खाली लोंबत असतात, वर नेणारी हवा क्षीण असते आणि खाली पसरलेल्या काटेरी झुडपांत उतरायला मोकळी जागा विरळाच. हा ओलावा जास्त झाला तर दुपारी वाटेत गडगडाटी ढग उभे राहतात. त्यांच्यापासून दूर पळायचं किंवा मुकाट उतरायचं. ओलावा बेताचा असला तर तेच ढग वाऱ्याच्या दिशेने लांबच लांब रांगा धरतात आणि त्यांच्याखाली फारशा घिरट्या न घेता सरळ जाता येतं. कोणता दिवस कसा निघेल हे सकाळी सांगता येत नाही, आणि दुपारपर्यंत वाट पाहिली तर विक्रमाला लागणारे तास हातचे जातात. म्हणून हलक्या विमानाला बांधलेली ओढदोरी सकाळीच सोडायची आणि पहिले दोन तास वाऱ्यासोबत वाहत, हाती आहे ती उंची राखत काढायचे. आजचे पंख एक किलोमीटर उंचीवरून सुमारे पंधरा किलोमीटर जातात हे खरं, पण माझ्या मते झपाट्याचे विक्रम त्या सकाळच्या तासांनी मिळवून दिले आहेत.

ऑस्ट्रियाचे मॅनफ्रेड रुमर २००१मध्ये तिथून ७०० किलोमीटर गेले. ३ जुलै २०१२ला अमेरिकेचे डस्टिन मार्टिन आणि ऑस्ट्रेलियाचे जॉनी ड्युरांड यांनी बराचसा दिवस एकमेकांच्या आसपास उडत काढला. एकाला उठती हवा सापडली की ती दुसऱ्यालाही दिसायची. सुमारे अकरा तासांनी मार्टिन ७६४ किलोमीटरवर उतरले. ड्युरांड यांनीही जुना विक्रम मोडला होता, पण ते तीनेक मैल मागे राहिले आणि नोंद मार्टिन यांच्या नावावर झाली.