तेरची तरंगती वीट, किस्लरची जेली

आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या प्राचीन विटा पाण्यावर तरंगतात. मातीत भाताचं तूस मिसळलं, की भट्टीत ते जळतं आणि पोकळ्या उरतात.

१९३१ मध्ये अमेरिकेत सॅम्युएल किस्लरला याहून कितीतरी बारीक पोकळ्या टिकवायच्या होत्या, सिलिकाच्या जेलीत. पण जेली सुकताना द्रवाचा पृष्ठताण भिंती आत ओढतो, सगळं आकसतं. गोरोबाकाकांच्या गावात ओलं मडकं सुकताना का तडकतं, हे वेगळं सांगायला नको!

किस्लरनं जेलीतलं पाणी काढून अल्कोहोल भरलं, बंद भांड्यात दाबाखाली सुमारे २४० अंशांपुढे तापवलं. तिथे द्रव आणि वायू हा भेदच मिटतो, पृष्ठताण उरत नाही. मग हळूहळू वायू सोडला. मागे राहिलं काही नॅनोमीटरच्या सिलिकाकणांचं जाळं, बहुतेक हवाच: एरोजेल.